मिरचीला कुणी सातबारा विचारत नाही

साठी जवळ आली, केस पांढरे झाले, तरी श्रावण लागला की छत्रपती संभाजीनगरच्या घरात माझा जीव रमत नाही. पंचमीला माहेरी जायचंच. आमचं गाव भोकरदन तालुक्यात, फाट्यापासून जरा आत. आता आई नाही, दादा नाहीत (वडिलांना आम्ही दादाच म्हणायचो), पण धाकटा भाऊ आहे, भावजय आहे आणि दारातला निंब आहे. २०२५च्या पंचमीलाही अशीच गेले होते.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून घर रिकामं. सणाला काही चिरायचं नाही, खुडायचं नाही, म्हणून मिरचीचा तोडा एक दिवस पुढे ढकललेला. भावजय दहा-बारा बायका घेऊन उजाडायच्या आत रानात गेली होती. चारच्या सुमाराला आली ती हातांना खोबरेल चोपडतच. मिरची तोडून हातांची आग आग होते, ती रात्रभर जात नाही.

"आक्का, येता का माझ्यासंगं? पिंपळगावला मिरची घालून येऊ."

मला वाटलं, भाऊ निघाला असेल आणि ही सोबत. भाऊ तर ओट्यावर निवांत बसलेला. "मिरचीचं तीच पाहती," तो म्हणाला. "कापूस, मका माझ्याकडं."

गोण्या भरलेल्या छोट्या हत्तीत पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघी नणंद-भावजय दाटीवाटीने बसलो. पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून खरं वाटणार नाही. भोकरदन तालुक्यातलं एक गाव, आणि हंगामात तिथे परराज्यात जाणारे ट्रक लागलेले. जिकडे बघाल तिकडे हिरव्या मिरचीचे ढीग, वर बल्बचा उजेड, गोण्या शिवणारे, काटा करणारे, हमालांची धावपळ आणि हवेत तो ठसका. मी पदर नाकाला लावून शिंकतेय आणि भावजय पदर कमरेला खोचून ढिगाढिगांतून चाललीय. वाटेतच तिने सिल्लोडकडच्या कुण्या मैत्रिणीला फोन लावून तिकडचा भाव विचारून ठेवला होता. पहिल्या व्यापाऱ्याने सांगितलेला भाव तिने ऐकून न ऐकल्यासारखा केला. दुसऱ्याने मिरची मोडून बघितली, तर म्हणाली, "मोडून काय पाहता भाऊ, कालची न्हाई ती, आजचा तोडा हाये." शेवटी माल घातला तिसऱ्याकडे. काटा झाला, आणि त्याने पट्टी फाडून तिच्या हातात दिली.

मी पट्टी बघायला घेतली. वर तिचं नाव. तिचं स्वतःचं, पुढे आमचं आडनाव. खाली गोण्या, वजन, भाव. घरच्या शेतमालाच्या कागदावर आमच्या घरातल्या बाईचं नाव मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"अगं, पट्टी तुझ्या नावाची?"

"मग कुणाच्या? मिरची मी आणली ना."

"सातबारा वगैरे नाही विचारत?"

ती हसली. "मिरचीला कुणी सातबारा विचारत न्हाई, आक्का."

मी तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. खुला बाजार आणि नियंत्रित बाजार, फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन रकाने करायचे, फायदे-तोटे लिहून द्यायचे, मुलं ते पाठ करून परीक्षेत उतरवायची. पण 'विकणारी बाई' हा रकाना काही मी कधी काढला नव्हता. पुस्तकात शेतकरी असतो, व्यापारी असतो, सरकार असतं. शेतकरी म्हणजे अर्थातच 'तो'.

आमच्या लहानपणी मिरची एवढी नव्हती. माझ्या पिढीच्या इकडच्या मुलीला बाजार म्हटलं की कापूस आठवतो. आणि कापूस म्हटलं की एकाधिकार. आजच्या मुलींना हा शब्दही माहीत नसेल, म्हणून थोडं सांगते. महाराष्ट्र सरकारने १९७१ साली कच्च्या कापसाचा कायदा केला आणि १९७२च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. म्हणजे राज्यातल्या शेतकऱ्याने आपला कापूस फक्त सरकारच्या योजनेलाच घालायचा. खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणेन. व्यापारी मापात मारायचे, अडल्यानडल्याला मातीमोल भावाने कापूस उचलायचे, हे आमच्या आजोबांनी भोगलेलं. सरकार म्हणालं, मधला माणूसच नको.

मधला माणूस गेला आणि रांग आली. दादा बैलगाडीत कापूस भरून केंद्रावर जायचे. कुठल्या ते राहू दे. गाड्यांची रांग कुठवर आहे त्यावर किती दिवसांच्या भाकरी बांधायच्या ते आई ठरवायची. एकदा तिसऱ्या रात्री अवकाळी पाऊस आला आणि वरचा थर भिजला. मग ग्रेड खालची लागली. दादा घरी आले ते कुणाशी बोललेच नाहीत, बैलं सोडली आणि पडून राहिले. पुढे चुकारा यायचा तोही हप्त्याहप्त्याने, त्यातून भांडवल निधी, चढउतार निधी अशी नावं असलेल्या कपाती. आणि चुकारा अर्थात दादांच्या नावावर.

आईचा त्यात संबंध काय? वेचणी आईची. पहाटे दव असताना बोंडं ओली, म्हणून जरा ऊन चढल्यावर सुरुवात आणि मग अंधार पडेपर्यंत. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटायची, नखांशी रक्त यायचं. वजन होईपर्यंत कापूस तिचा असायचा. गाडीत भरला की दादांचा आणि केंद्रावर उतरला की सरकारचा.

आता एक गोष्ट सांगते, जी मी आजवर घराबाहेर बोललेले नाही. वेचणीच्या दिवसांत आई रोज ओटीतला थोडा कापूस बाजूला काढून गव्हाच्या कणगीमागे एका गाठोड्यात साठवायची. चार-पाच किलो झाला की संध्याकाळी पदराखाली घेऊन गावातल्या एका किराणा दुकानाच्या मागच्या दाराने जायची. येताना तेल-मीठ, काडेपेटी, आणि माझ्या वह्या. सातवीपासून मॅट्रिकपर्यंतच्या माझ्या सगळ्या वह्या त्या गाठोड्यातून आल्या. दादांना कळू द्यायचं नाही, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं. तो सरकारचाही गुन्हा आहे, हे पुढे कायदा वाचताना कळलं. योजनेबाहेर कापूस विकायला बंदी होती, मग तो गाडीभर असो की ओटीभर. आयुष्यात ज्या एका बाजारात आई विकणारी म्हणून उभी राहिली तो चोरबाजार होता, आणि चोर ती. स्वतः पेरलेल्या, निंदलेल्या, वेचलेल्या कापसाची चोर!

योजनेने शेतकऱ्याचं वाटोळंच केलं, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. काही वर्षी सरकारी भाव बाहेरच्यापेक्षा चढा असायचा आणि मग शेजारच्या राज्यांतला कापूस चोरून आपल्याकडे यायचा. बाहेर भाव चढला की आपला कापूस चोरून तिकडे जायचा. सीमेवर पोलीस दोन्ही वेळा असायचे, तोंड फक्त बदलायचं. तोटा वाढत वाढत योजना सरकारलाच पेलेना आणि २००२च्या सुमाराला तिचा एकाधिकार संपला. तोपर्यंत तीस वर्षं गेली होती. त्या वर्षी आई थकून गेलेली, वेचणीला जाणं बंद केलेलं. मी तिला सांगितलं, "आई, आता कुणालाही कापूस विकता येतो." तिने विचारलं, "बाईला पण?"

या 'बाईला पण'वरून शरद जोशी आठवतात. ते स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती केली आणि शेतकरी संघटना उभी केली. त्यांचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर शेतकऱ्याला अनुदानाची भीक नको, त्याच्या मालावरची बंधनं काढा, झोनबंदी, निर्यातबंदी, एकाधिकार सगळं काढा, तो त्याच्या घामाचे दाम मिळवील. डावे त्यांना भांडवलदारांचा माणूस म्हणायचे. शहरातल्या बायका म्हणायच्या, कांदा महाग करणारे हेच ते. पण त्यांच्या संघटनेने १९८६च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवलं आणि लाखोंनी बायका तिथे गेल्या. नुसत्या शेतकरी बायका! आमच्या आळीतली एक काकू गेली होती, चटणी-भाकरी बांधून. आईला जाऊ दिलं नाही. काकू आली तेव्हा आमच्या ओसरीवर रात्री बायका जमल्या. काकू काय बोलली ते सगळं आठवत नाही, पण एक आठवतं: "आपण वझं उचलणाऱ्या न्हाईत म्हणं, आपण शेतकरी हौत."

पुढे संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' नावाचा कार्यक्रम काढला. नवऱ्याने आपल्या जमिनीतला थोडा तुकडा तरी स्वखुशीने बायकोच्या नावावर करून द्यायचा. ज्या गावात शंभर जण असं करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. बाजार मोकळा करा म्हणणाऱ्या माणसाने हा कार्यक्रम काढावा याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं. मला वाटतं, त्यात नवल काही नव्हतं. व्यवहाराचं स्वातंत्र्य मागायचं, तर व्यवहार करणाऱ्याच्या मालकीचं काहीतरी पाहिजे. जिच्या मालकीचं काहीच नाही ती मोकळ्या बाजारात जाऊन विकणार काय? आपली मजुरी! सरकारनेही १९९२च्या सप्टेंबरात परिपत्रक काढलं, की नवऱ्याने अर्ज दिला तर पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावावं. ते परिपत्रक किती नवऱ्यांनी वाचलं असेल? माझ्या दादांनी तर नाहीच.

पिंपळगावहून परत येताना भावजय गप्प होती. मीच आपली खुशीत होते, माझ्या डोक्यात ती पट्टी. घरी आल्यावर चहा टाकला आणि मी म्हटलं, "तू तर पक्की व्यापारीण निघालीस गं. तिघांना फिरवलंस."

"कसलं फिरवलं आक्का. दोघांचं नाटक होतं. घालायचं तिसऱ्याकडंच होतं."

"का?"

तिने पट्टी उलगडून खालचा आकडा दाखवला. मी वरचं नाव बघितलं होतं, खालचं काही बघितलंच नव्हतं. एकूण रक्कम, त्यातून वजा 'उचल'. मग हातात पडलेली रक्कम.

मिरचीला उन्हाळ्यात रोपं, मल्चिंगचा कागद, ठिबकची दुरुस्ती, औषधं, असा मोठा पैसा एकदम लागतो. मिरचीचं तिनेच पाहायचं, तर पैसाही तिनेच उभा करायचा, असं घरात ठरून गेलेलं. बचत गटातून थोडे मिळाले, ते रोपांतच संपले. बँकेत गेली तर साहेबांनी सातबारा मागितला. सातबारा भावाच्या नावावर आणि त्यावर आधीच पीककर्जाचा बोजा. मग उचल घेतली या व्यापाऱ्याकडून. व्याज त्याने मागितलं नाही. माल मात्र त्याच्याचकडे घालायचा, तो म्हणेल त्या भावाने. सिल्लोडकडचा भाव तिने विचारला होता तो घासाघीस करण्यासाठी नव्हता. आपण किती नाडले जातोय ते तिला नुसतं समजून घ्यायचं होतं.

व्यापाऱ्याला तरी मी काय बोलू? बँकेने दारातून परत पाठवलेल्या बाईला त्याने कागदाशिवाय पैसे दिले. बुडाले असते तर त्याचे बुडाले असते.

फळं-भाजीपाल्याच्या बाजारातली बंधनं आपल्या राज्याने बरीच सैल केली आहेत. २०१६च्या जुलैत सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली. व्यापाऱ्यांनी बंद पाळला तेव्हा शहरात भाज्या कडाडल्या होत्या, आठवत असेल. मी त्या निर्णयाच्या बाजूने होते, आजही आहे. बाईला विकायला दहा दारं असलेली बरी. सरकारी खुर्चीने एकच दार ठेवलं की त्या दारात घरचा पुरुषच उभा राहतो, हे मी कापसात बघितलंय. पण दहा दारं उघडी असून पायात उचलीची दोरी असेल तर? ही दोरी बाजाराने बांधली असं मला म्हणवत नाही. ती घरात बांधली, आणि गाठ मारताना मी तिथेच बसलेले होते.

दादा गेले त्यानंतरची गोष्ट. वारस आई, भाऊ आणि मी. महाराष्ट्राने १९९४मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला होता, पुढे २००५मध्ये देशभर तसा कायदा झाला. हे मी वर्गात शिकवतही होते. आणि एक दिवस रजा टाकून गावी येऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी बळजबरी केली नाही. भावाचा संसार लहान, मला पगार चालू, माहेर तुटू नये ही सगळ्याच बहिणींना असते ती भीती. आईनेही अंगठा दिला. तिच्या बोटांवर अजून वेचणीच्या जुन्या भेगा होत्या, अंगठा नीट उठेना, दोनदा घ्यावा लागला. भावजय तेव्हा नवी नवरी, सगळ्यांना चहा देत होती. माझा हिस्सा सोडलाच आहे, तर तो भावाच्या एकट्याच्या नावावर कशाला, निम्मा हिच्या नावावर कर, एवढं म्हणायला माझी जीभ का नाही उचलली? सुचलंच नाही. अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेला सुचलं नाही!

मी परत गेले. सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय. आमच्याकडची मिरची पाण्यात बसली. मुळं कुजली, झाडं उभ्या उभ्या पिवळी पडली. पंचनामा झाला, नुकसानभरपाई जाहीर झाली आणि ती जमा होणार ज्याचा सातबारा त्याच्या खात्यात. मिरचीची उचल मात्र जिच्या नावाची पट्टी तिच्या डोक्यावर. बाजाराने तिला ओळखलं होतं म्हणून कर्ज तिचं झालं, आणि सरकार तिला ओळखत नव्हतं म्हणून भरपाई तिची झाली नाही.

दिवाळीत भाऊबीजेला पुन्हा गेले तेव्हा भाऊ कापसाच्या नोंदणीच्या मागे होता. २०२५-२६च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, आणि बाहेर व्यापारी त्याहून बरंच खाली मागत होते. केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग डिसेंबर अखेरपर्यंत. गिरण्यांना स्वस्त कापूस पाहिजे होता. खुल्या व्यापाराच्या नावाने हे झालं, पण मला त्यात खुलेपणा दिसत नाही. बाहेरचा कापूस आत यायला दार उघडं आणि २०२३च्या डिसेंबरात कांदा बाहेर जायला दार बंद! शेतकऱ्याचा भाव वाढायला लागला की सरकार धावत येतं आणि पडला की म्हणतं, बाजार आहे, आम्ही काय करणार. असो. हमीभावाने विकायचं तर मोबाइलवर 'कपास किसान' ॲपमध्ये नोंदणी करायची, त्याला आधार पाहिजे, सातबारा पाहिजे, पिकाची नोंद पाहिजे. भाऊ मोबाइल हातात धरून वैतागलेला. भावजय शेजारी बसून त्याला आकडे वाचून दाखवत होती. वेचलेला सगळा कापूस तिचा आणि बायकांचा, आणि ॲपमध्ये तिच्यासाठी रकानाच नाही.

ओवाळलं. भावाने ताटात पाचशेची नोट टाकली.

"नोट राहू दे," मी म्हटलं. "दुसरं मागते. हिचं नाव सातबाऱ्यावर लाव."

घरात एकदम शांतता. भावजय ताट घेऊन आत निघून गेली, जणू तिच्याबद्दल काही बोलणं चाललंच नाही.

"काहून?" भाऊ म्हणाला. "मी काय तिला उपाशी ठिवतो का? पैसे मागितले अन् दिले न्हाईत असं झालं का कधी?"

"मागावे लागतात, एवढंच म्हणते."

"अन् उद्या काही झालं म्हंजे? तिच्या भावांनी डोळा ठिवला म्हंजे?"

हे तो वाईटपणाने बोलत नव्हता. आमच्याकडे जमीन म्हणजे नुसती मालमत्ता नसते, पोटातली भीती असते. मी सांगून बघितलं, की दोन एकराचं बघ, सगळी नको. मिरचीचं रान तिच्या नावावर असलं तर पीककर्ज तिला वेगळं मिळेल, व्यापाऱ्याकडे हात पसरायला नको, भरपाई आली तर फेड होईल, भाव पटेल तिथे माल घालता येईल. फायदा घराचाच. प्राध्यापकी थाटात पाच मिनिटं बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला:

"आक्का, तू सही केली तवाच का न्हाई म्हणलीस हे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गप्प बसले. मला वाटतं, माझ्या भाषणापेक्षा त्या गप्प बसण्याचाच जास्त उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो निंबाखाली सुतळी वळत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "कागद काय काय लागत्यात?"

सुट्टी संपल्यावर कचेऱ्या उघडल्या आणि आम्ही तिघं भोकरदनला गेलो. हे गाव एकेकाळी भोगवर्धन होतं. प्रतिष्ठानहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरची मोठी पेठ. १९७३च्या उत्खननात इथे सापडलेली हस्तिदंती मूर्ती आणि इटलीत पाँपेईच्या राखेत सापडलेली हस्तिदंती मूर्ती यांचं साम्य अभ्यासकांनी दाखवलंय. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल कुठवर जात असेल बघा, कुठली परवानगी न मागता. सांचीच्या स्तूपावर ज्यांनी दान दिलं त्यांची नावं दगडात कोरली आहेत. त्यात भोगवर्धनच्या लोकांची नावं आहेत आणि सांचीच्या दात्यांमध्ये बायकांची संख्याही चांगली आहे. ज्यांच्याजवळ काही मालकीचं होतं, म्हणून तर दान देता आलं. मी हे सगळं भावजयीला उत्साहाने सांगत होते. ती म्हणाली, "आक्का, फोटोच्या दोन प्रती काढायच्या राहिल्या."

परिपत्रकाची प्रत मी संभाजीनगरहून काढून नेली होती, ती कामी आली. अर्ज लिहिला भावाने स्वतःच्या हाताने. ओळखीच्या एका वकिलांनी बजावलं, की सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, पुढेमागे रीतसर बक्षीसपत्र किंवा वाटणीपत्र केलेलं बरं. बरोबर आहे त्यांचं. पण बँक, विमा, भरपाई आणि हमीभावाचं केंद्र, सगळे विचारतात तो सातबाराच. देशातल्या १०० शेतखात्यांपैकी जेमतेम १४ बायकांची आहेत, असं २०१५-१६ची कृषी गणना सांगते. शेतातल्या कामाची अशी गणना केली तर आकडा काय येईल ते कुठल्याही बांधावर उभं राहून मोजावं.

फेरफाराची नोटीस निघाली, पंधरा दिवस हरकतीसाठी. मी परत आले. या पंधरा दिवसांत मी रोज फोन करायचे, कुणी हरकत घेतली का? चुलत्यांपैकी एकाने पारावर बोलून दाखवलं म्हणे, की शहरातल्या बहिणीने भावाचं घर फोडायला घेतलं. हरकत मात्र लेखी कुणी दिली नाही.

परवा भावजयीचा फोन आला. आवाज जरा वेगळाच. मला वाटलं, नाव लागलं.

"आक्का, चावडीत जाऊन आले. नोटीस वाचली. नावात वेलांटी चुकलीय."

"म्हणजे?"

"पहिली काढलीय, दुसरी पाहिजे. आधारवर दुसरी हाये. तलाठी म्हणतात, दुरुस्तीचा अर्ज द्या. म्यां म्हणलं, देते. पण ह्यावेळी मपल्या हातानं लिहिते."

मी विचारलं, व्यापाऱ्याच्या उचलीचं काय झालं. म्हणाली, निम्मी राहिलीय, उन्हाळी मिरचीवर फेडायचं ठरलंय. रोपांचं बुकिंग नर्सरीत करून आलीय, गटाच्या पैशातून. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, की बँकेतल्या साहेबांना जाता जाता विचारून ठेवलं, नाव लागल्यावर फेरफाराची नक्कल चालती का नवा सातबाराच लागतो. साहेब म्हणाले, नवाच आणा.